विसाव्यावरचे हटवारभाऊ

रायपूरहून फोन आला तेव्हा मी दुकानात औषधांची खोकी फोडत होतो. हटवारभाऊंची मुलगी छाया बोलत होती.

"विजूदादा, बाबा गेले. काल दुपारी."

"अरेरे," मी म्हणालो. हातातलं खोकं खाली ठेवून विचारलं, "मग केव्हा नेणार?"

"नेलं ना. कालच झालं सगळं. इथं फोन केला की गाडी येते, दारातून घेऊन जाते. रस्त्यात कुठे थांबत नाही."

रस्त्यात कुठे थांबत नाही, हे तिनं मुद्दाम सांगितलं. का सांगितलं ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या बाईला तापाच्या गोळ्या दिल्या. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रात्री जेवलो, झोपही लागली. हे लिहितानासुद्धा आत सगळं बधीरच आहे, दात काढल्यावर गाल असतो तसं. पण भाऊंबद्दल कुणी तरी लिहायला पाहिजे आणि तुमसरात दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

हटवारभाऊ आमच्या धान्यबाजारात दलाल होते. दलाल म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं ते बरंचसं त्यांच्यात होतं. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, पानानं रंगलेले दात आणि न थकणारं तोंड. आता बाजारात लिलाव ओरडून होतो, पण त्यांच्या तरुणपणी भाव दुपट्ट्याखाली ठरायचा. दोघांनी एकमेकांचे हात धरायचे, वर कापड टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडानं मात्र जावयाच्या आणि पावसापाण्याच्या गप्पा. धंदा सुटला तरी भाऊंची हात धरायची खोड काही सुटली नाही. दुकानात आले की काउंटरवरून माझा हात ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "बोल गा विजू, काय चालू हाये?" मग हात सोडायचं नावच नाही. गिऱ्हाईक ताटकळलेलं असायचं आणि मी डाव्या हातानं कप्प्यातून औषधं काढत असायचो. मला त्याचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

"तुमची भी राहिली, आमची भी राहिली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. राहिली म्हणजे बात. कुठलंही भांडण मिटलं की ते म्हणायचे आणि दुपट्टा झटकून खांद्यावर टाकायचे. एका वर्षी आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, गणपतीच्या भोंग्यावरून पोरांची आणि शेजारच्या घरातल्या आजारी म्हाताऱ्याची जुंपली. पोरं भोंगा काढायला तयार नाहीत, म्हातारा पोलिसांत जायला निघालेला. भाऊंनी आधी पोरांच्या पुढाऱ्याचा हात धरला, मग म्हाताऱ्याचा. अर्ध्या तासात दोघंही हसत होते. भोंगा राहिला, फक्त त्याचं तोंड फिरवलं. ते तोंड भाऊंच्या स्वतःच्या खिडकीकडे फिरवलंय हे आमच्या लक्षात यायला चार दिवस गेले. त्यांचे सगळे सौदे असेच असायचे. दोन्ही बाजू खूश व्हायच्या आणि मधला माणूस पदरचं काहीतरी घालून मोकळा व्हायचा.

घरात मात्र त्यांचं काही चालत नसे. लीलावहिनींजवळ घासाघीस नव्हती. मोजकं बोलणं आणि टापटीप भारी. ओसरीच्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली आणि लोटा कायम ठेवलेला. पाय धुतल्याशिवाय कुणी वर यायचं नाही, मग तो जावई असो की वीज मंडळाचा माणूस. भाऊ बाजारातून येऊन पायरीवरूनच ओरडत, "अवं, कोरडेच हायेत पाय, आज रहू दे ना!" आतून उत्तर यायचं, "धुवा." एवढंच. भाऊ मुकाट्यानं पाय धुवायचे आणि आमच्याकडे बघून डोळा मारायचे.

वहिनी गेल्या तेव्हा पानगळ चालू होती. सकाळी देवपूजा करता करता बसल्या त्या बसल्याच. मुलगा नाही, एकच मुलगी, म्हणून अग्नी भाऊंनीच धरायचा ठरला.

आमच्याकडे स्मशानघाटाचा रस्ता लेआउटच्या मागून जातो. बाजूला राइस मिलच्या भिंती, पुढे झाडं, आणि अर्ध्या वाटेवर एका मोहाच्या झाडाखाली सिमेंटचा ओटा. तो विसावा. घरातून निघालेली तिरडी तिथं एकदाच खाली ठेवतात. खांदेकरी जागा बदलतात, पुढचे मागे, मागचे पुढे, आणि तिरडी पुन्हा उचलली की थेट घाट. अग्नीचं मडकं धरणाऱ्यानं मात्र ते खाली ठेवायचं नसतं. सगळे अनवाणी असतात.

रस्ता चांगला, सावलीचा, वर्दळ नाही, आणि त्या रस्त्यावर कुणाचं घर नाही. म्हणजे ओरडायला कोणी नाही. त्यामुळे लेआउटमध्ये ज्यांनी ज्यांनी कुत्री पाळली होती, ती सगळी मंडळी सकाळी तिकडेच. कुत्र्यांनाही ओट्याभोवतीची मऊ जागा आवडायची. आपल्या दारात घाण नको, शेजाऱ्याच्या दारात केली तर भांडण, मग उरलं काय? मेलेल्यांचं दार. ते काही भांडायला येत नाहीत. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही, माझ्याकडे कुत्रं नाही म्हणून नाही, तर मी त्याचा विचारच केला नव्हता.

वहिनींच्या तिरडीला मागचा डावा खांदा माझा होता. ओट्यावर मोहाची पानं पडलेली होती. पानांवरच आम्ही तिरडी टेकवली. जागा बदलल्या, उचलली, आणि वास आला. तिरडीखालची तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, घाणीनं भरली होती, बांबू भरला होता, आणि सवाष्ण गेली म्हणून नेसवलेल्या हिरव्या पातळाचं खाली लोंबणारं टोक भरलं होतं. पानांखाली काय आहे ते कोणी पाहिलंच नव्हतं. एकानं मूठभर तणीस ओढून बाजूला फेकली. त्यानं आणखीच पसरलं.

भाऊ पुढे होते, दोन्ही हातांत मडकं. ते वळून बघत उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "घरी न्याची काय परत? आंगोळ घालून देतो तिले."

त्यांचे मोठे साडू म्हणाले, "निंगालेली मयत परत नाही नेत, भाऊ. थांबवू नये. चला म्हना."

सगळे भाऊंच्या तोंडाकडे बघत होते. ज्या माणसानं कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा कधी पहिल्या भावाला मान डोलावली नाही, तो त्या दिवशी एका दमात म्हणाला, "चला."

आम्ही निघालो. मला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती कोणाबद्दल हे कळेना.

तेरवी झाली, छाया रायपूरला गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ विसाव्यावर दिसले. हातात टोपलं, फावडी, आणि मिलच्या बॉयलरमधली राख. आमच्याकडे मिलमध्ये धानाचा भुसा जाळतात, त्याची काळी राख ढिगानं पडलेली असते, कोणीही उचलावी. भाऊ घाणीवर राख टाकत, जरा थांबत, मग सगळं कोरडं होऊन सुटं उचललं जाई. मोहामागे त्यांनी एक खड्डा खणला होता, त्यात ते नेऊन टाकत. तोंडात पान नव्हतं. बोलणंही कमी झालं होतं. मला वाटलं, दुःखाचं आहे, महिनाभरात ओसरेल.

ओसरलं नाही, उलट धंद्यावर आलं. एका सकाळी त्यांनी ज्युनिअर कॉलेजच्या बोरकर सरांना गाठलं. सरांच्या दोरीला त्यांचा ब्रूनो, गुबगुबीत आणि प्रेमळ, दिसेल त्याला चाटणारा. भाऊंनी सरांचा हात धरला आणि सवयीनं वर दुपट्टा टाकला. मी दूध घेऊन येत होतो, थांबलो.

"सर, या रस्त्यानं कुत्रं आनूच नका तुमी."

"अहो, असं कसं? सार्वजनिक रस्ता आहे. साफसफाई नगरपालिकेचं काम आहे."

"मयत नगरपालिकेची असते काय, सर?" भाऊ हसले. "बरं, रस्ता तुमचा. आना कुत्रं. वट्टा तेवढा सोडा."

सर लगेच तयार झाले. एवढ्या स्वस्तात सुटलो याचा त्यांना आनंदच झाला असावा. बाजाराची रीत त्यांना माहीत नव्हती. पहिला भाव घेण्यासाठी नसतोच, दुसऱ्या भावावर माणूस आपल्या पायानं यावा म्हणून तो सांगतात.

आठवड्यानं भाऊंनी पुन्हा हात धरला. "सर, वट्टा साफ राहून राहिला, लय उपकार. पन आता सारं अलीकडं होते. खांदेकरी अनवानी चालते ना गा, त्याच्या डोक्यात मयत, खाली पाहत नाही तो. मी म्हंतो, तुमी उचला फक्त. फेकाचं माह्याकडं."

आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पुडी काढून सरांच्या हातावर ठेवली. बाजारात धानाचा नमुना द्यायला वर्तमानपत्राची जशी पुडी बांधतात, तशीच, चार घड्यांची, न सुटणारी. आत मूठभर राख. "राख वरून टाका, याच कागदानं उचला, पुडी बांधा, मले द्या. नमुना समजा."

सरांना नाही म्हणता येईना. दोन दिवस त्यांनी खरंच पुडी बांधून भाऊंच्या टोपल्यात टाकली. तिसऱ्या दिवशी त्यांना ते सहन झालं नाही. सत्तरीच्या माणसानं आपल्या कुत्र्याची घाण टोपल्यात घेऊन उभं राहायचं, आणि आपण त्याच्या टोपल्यात टाकायची! ते स्वतःच खड्ड्यापर्यंत जाऊ लागले. भाऊंनी दुपट्टा झटकला आणि म्हणाले, "तुमची भी राहिली, आमची भी राहिली."

हळूहळू सगळे वळले. पॉमेरेनियनवाल्या मॅडम तर पर्समध्ये पुडी ठेवू लागल्या. भाऊ दुपारी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून रद्दीच्या पुड्या बांधायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "घरी कुत्रं हाये काय गा?" कुत्रं नसलेलेही एखादी पुडी घेऊन जायचे. लेआउटच्या लोकांनी एकदा सुचवलं की मोठा फ्लेक्स लावू, त्यावर सूचना लिहू, भाऊंचा फोटो टाकू.

"माहा फोटो लावसान तं लोकाइले वाटन मीच मेलो," भाऊ म्हणाले. "अन् बोर्ड माणूस वाचते अन् समोर जाते. हात धरला तं थांबाच लागते त्याले."

थांबला नाही तो एकटा नितेश. चिखला गावच्या खाणीतून मँगेनीज वाहणारे ट्रक होते त्याचे. गळ्यात साखळी, कानाला फोन, आणि दोरीला सुलतान नावाचं काळं धिप्पाड रॉटवायलर. भाऊंनी त्याचा हात धरला तसा त्यानं तो ओढून घेतला.

"हात नका धरू, काका. जे बोलाचं ते बोला."

भाऊंचा हात कोणी झिडकारलेला मी पहिल्यांदाच पाहिला. दुपट्टा तसाच हवेत राहिला क्षणभर. त्यांनी पुडी पुढे केली. नितेशनं ती घेतली नाही.

"मयत काय रोज जाते काय इथून? कायले फालतूचं टेन्शन घेऊन राहिले तुमी?"

"रोज नाही जात," भाऊ म्हणाले. "कोनाची कोन्या दिवशी जाईन ते सांगून दे बाप्पा. त्या दिवशीच झाडतो मंग."

नितेश हसला आणि सुलतानला घेऊन निघून गेला. त्यानंतर रोज सकाळी भाऊ त्याच्यापुढे पुडी धरायचे आणि तो फोनवर बोलत पुढे जायचा. मग सुलतानच्या मागचं भाऊ उचलायचे. दोघांपैकी कोणीही चिडत नव्हतं. मला मात्र चीड यायची. एकदा मी म्हणालो, "भाऊ, काहून एवढं करता? वहिनींचं तर होऊन गेलं."

ते पायरीवर पुडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "मी 'चला' म्हटलं ना गा विजू."

"मग काय म्हणणार होतात? सगळे थांबले होते."

"थांबले होते तं थांबू द्याचे होते. जिंदगीभर घासाघीस केली मी. दोन दोन तास माणसं बसवून ठेवली उन्हात, किलोच्या पैशासाठी. अन् ती... जिनं मले पाय धुतल्याबिगर घरात नाही घेतलं, तिले तशीच नेली मी. घटकाभर अडून बसलो असतो तं काय झालं असतं? पानी आनलं असतं कोनी. एक बादली पानी."

पुडी बांधून झाली. त्यांनी दुसरा कागद घेतला. खरंच कोणीतरी पाणी आणलं असतं. मीच आणलं असतं.

पुढे त्यांचे गुडघे गेले. छाया येऊन त्यांना रायपूरला घेऊन गेली. त्या रस्त्याचं आता काय झालं म्हणाल तर फार बरं नाही, फार वाईटही नाही. बोरकर सर पुड्या बांधतात, पण त्यांच्या घड्या सुटतात. नवीन आलेल्या लोकांना पुडीची भानगड माहीत नाही आणि त्यांचा हात धरणारं कोणी नाही. मी सांगतो कधी कधी, दुकानात. लोक मान डोलवतात आणि गोळ्या घेऊन जातात. नितेश मात्र सुलतानला आता दुसरीकडे फिरवतो. का, ते मी त्याला विचारलं नाही.

भाऊ रायपूरला जायच्या थोडंच आधी नितेशची आई वारली. त्यानंतरही ते मला दिसले असतील, रिक्षात बसतानासुद्धा दिसले असतील, पण मला आठवतात ते त्या दिवसाचेच.

सकाळीच बातमी आली होती. मी प्रेताबरोबर निघालो. पुढे नितेश, उघडाबंब, मडकं धरलेला, अनवाणी. फोन नाही, साखळी नाही. मोहाजवळ आलो तर ओटा धुतलेला, अजून ओला. त्यावर नवी कोरी तणीस अंथरलेली. रस्त्यावर पार वळणापर्यंत झाडूच्या खुणा. भाऊ बाजूला झाडाला टेकून उभे होते, एक पाय दुमडून, कारण त्या गुडघ्यावर भार देता येत नव्हता. शेजारी रिकामी बादली. एवढं पाणी त्या गुडघ्यांनी कुठून आणलं असेल कोण जाणे.

तिरडी ठेवली. खांदेकऱ्यांनी जागा बदलल्या. तिरडी उचलली. दोनचार काड्या बांबूला चिकटून गेल्या, बस. नितेश समोर बघत होता. त्यानं खाली पाहिलं नाही, भाऊंकडेही पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. लोक पुढे निघाले. मी मागे राहिलो.

भाऊ लंगडत ओट्यापाशी आले. जिथं तिरडी टेकली होती तिथली तणीस त्यांनी बाजूला केली आणि सिमेंटवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मग तो तळहात माझ्यापुढे धरला.

"पाह्य बरं. काही हाये काय?"

"काही नाही, भाऊ. साफ आहे."

"नीट पाह्य."

मी नीट पाहिलं. ओला तळहात, त्यावर काड्यांचा भुगा, दुसरं काही नाही. "काहीच नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. घाटाच्या दिशेनं गेलेल्या लोकांकडे त्यांनी पाहिलं नाही. ते ओट्याकडेच बघत होते.

"असं न्याचं होतं गा तिले," ते म्हणाले.

मग खाली बसायला त्यांना बराच वेळ लागला. मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. बसल्यावर ते ओट्यावरची तणीस मुठीमुठीनं गोळा करून टोपल्यात भरू लागले, आणि मला मयत गाठायची होती म्हणून मी निघालो.